इंटरनेटवर जे नाही, ते तुमच्या कपाटात आहे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाच्या कार्यवाहांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमच्याकडे साडेतीन-चार हजार मराठी पुस्तकं आहेत. पेपर वाचायला वयस्कर मंडळी येतात, अभ्यासिकेत मुलं बसतात, पण पुस्तकं बदलून नेणारे सभासद दरवर्षी कमी होताहेत. कार्यकारिणीत तीन मतं आहेत. कोणी म्हणतं संगणक आणि वायफाय घ्या, कोणी म्हणतं वाचनालयाचं ॲप काढा, कोणी म्हणतं सगळी पुस्तकं स्कॅन करून लोकांच्या मोबाईलवर टाका. देणगीचे थोडे पैसे हातात आहेत. सुरुवात कुठून करावी?"

तिन्हींपैकी कशानेही करू नका. बहुतेक मुलांच्या मोबाईलमध्ये स्वतःचा डेटा असतो. वायफायसाठी ती आवारात येतील, पण त्यामुळे पुस्तकाला हात लावतीलच असं नाही. (कणकुंबी-जांबोटीच्या जंगलपट्ट्यात तुमचं गाव असेल आणि मोबाईलला रेंजच नसेल, तर मात्र वायफाय ही खरी सोय आहे, ती आधी करा.) ॲप काढून देणारा एखादा हुशार मुलगा गावात भेटेल, पण तो पुण्याला नाहीतर बेंगळूरला नोकरीला लागला की ॲपची देखभाल कोण करणार? राहिलं स्कॅनिंग. तुमच्या कपाटातल्या बऱ्याच पुस्तकांच्या बाबतीत लोकांना वाटण्यासाठी स्कॅन करणं कायद्यात बसत नाही, आणि ज्यांच्या बाबतीत बसतं त्यांतली अनेक पुस्तकं कोणीतरी आधीच करून ठेवली आहेत.

बेळगावात ग्रंथपाल म्हणून उमेदीची वर्षं गेली, त्यावरून माझं ठाम मत झालं आहे ते असं. इंटरनेटवर जे आहे ते वाचनालयात आणण्यात शक्ती घालवू नका. गावाला जे हवं आहे, वाचनालयात जे आहे आणि इंटरनेटवर जे नाही, ते शोधून काढा आणि घरबसल्या सापडेल असं करा. सीमाभागातल्या मराठी वाचनालयाकडे अशा गोष्टी भरपूर आहेत.

आपली अडचणही वेगळी आहे, ती आधी समजून घेऊ. कर्नाटकात १९६५ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर घेतला जातो आणि तो मुख्यतः सरकारी ग्रंथालय व्यवस्थेसाठी असतो. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळतं, पण तो कायदा राज्याच्या हद्दीपाशी संपतो. लोकवर्गणीतून उभी राहिलेली आपली मराठी वाचनालयं या दोन्हींच्या मधे पडतात. त्यामुळे इथे केलेला प्रत्येक खर्च वर्गणी देणाऱ्याला समजावून सांगता आला पाहिजे. महागडं यंत्र घेऊन ते वर्षभरात धूळ खात पडलं तर पुढची देणगी मिळत नाही.

म्हणून पहिलं काम असं सुचवतो, ज्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत पण चिकाटी लागते: तुमच्या पुस्तकांची यादी संगणकावर घ्या. ऐकायला साधं वाटतं. पण तुमच्या गावातली एखादी बाई आज रात्री स्वयंपाकघर आवरून मोबाईल हातात घेते, तेव्हा वाचनालयात तिच्यासाठी काय आहे हे तिला कळायला मार्ग आहे का? यादी तुमच्या दाखल नोंदवहीत (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने लिहायच्या वहीत) आहे, नोंदवही कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे आणि वाचनालय संध्याकाळी दोन तास उघडं असतं. दुकानदारांच्या संकेतस्थळावर तिला हजारो पुस्तकं दिसतात, गावच्या वाचनालयातलं एकही दिसत नाही. सभासद कमी होण्याचं मोठं कारण मला इथेच दिसतं.

यादी करताना नोंदवही समोर ठेवून टाइप करत बसू नका. नोंदवहीत १९७० साली हरवलेलं पुस्तकही आहे. कपाटापासून सुरुवात करा, म्हणजे साठा पडताळणीही त्याच वेळी होते. एकाने पुस्तक हातात घ्यायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. मुखपृष्ठावरून नाव घेऊ नका, आतलं शीर्षकपान उघडा, कारण पुन्हा बांधणी केलेल्या पुस्तकाला मुखपृष्ठच नसतं आणि पुठ्ठ्यावर बाइंडरने लिहिलेलं नाव अर्धं असतं. दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, विषय आणि पुस्तक कोणत्या कपाटात आहे, एवढे रकाने पुरे. पुस्तकावर छापलेला आयएसबीएन हा ओळख क्रमांक टाकला की सगळी माहिती आपोआप येते, असं कोणी सांगेल. ते नव्या पुस्तकांना लागू आहे, तेही मराठीत दरवेळी नाही. जुन्या मराठी पुस्तकांवर तो क्रमांक छापलेलाच नसतो. हे हातानेच करायचं काम आहे.

आता ज्या गोष्टीवर अशा याद्या फसताना मी अनेक ठिकाणी पाहिल्या, ती सांगतो. टाइप करायचं ते युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि मोबाईलना सारखीच कळणाऱ्या अक्षरपद्धतीत. पूर्वी डीटीपीवाल्याकडून शिवाजी किंवा श्रीलिपीच्या फाँटमध्ये यादी करून घेतलेली असेल तर ती छापायला ठीक, पण त्यात शोध घेता येत नाही. मोबाईलवर ती नुसती निरर्थक अक्षरं दिसते. ती यादी परिवर्तकातून काढून युनिकोडमध्ये आणता येते, नंतर एकेक ओळ तपासावी मात्र लागते. युनिकोडमध्येही मराठीची दोन-तीन अक्षरं त्रास देतात. 'ऱ्य' हे जोडाक्षर दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी टाइप होतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी वाटतात. त्यामुळे 'दऱ्या' असं शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेने टाइप केलेलं पुस्तक सापडतच नाही. 'ॲ'चंही तसंच. म्हणून टाइप करणाऱ्या सगळ्यांनी एकच कळफलक वापरावा आणि पहिल्या पन्नास नोंदी झाल्यावर थांबून प्रत्यक्ष शोधून पाहावं.

शुद्धलेखनाचा मुद्दा याहून मोठा. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले, त्याआधीच्या पुस्तकांवर 'कांहीं', 'नाहीं', 'गोष्टीचें' असे अनुस्वार असतात. ग्रंथपाल म्हणून शीर्षक जसं छापलं आहे तसंच नोंदवलं पाहिजे. पण आजचा वाचक 'काही' असंच शोधणार. म्हणून दोन रकाने ठेवा, एकात छापील रूप, दुसऱ्यात आजचं. लेखकाच्या नावाचंही एकच रूप ठरवा: 'खांडेकर, वि. स.' असं ठरलं की ते सगळीकडे तसंच. 'वि.स.खांडेकर', 'विष्णू सखाराम खांडेकर' आणि 'खांडेकर वि. स.' अशी तीन रूपं यादीत शिरली तर एकाच लेखकाची पुस्तकं तीन जागी विखुरतात.

आणि आपल्या भागासाठी आणखी एक रकाना, ज्याचा आग्रह मी सगळ्यांकडे धरतो: शीर्षक आणि लेखक रोमन लिपीत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कितीतरी मुलं घरी मराठी बोलतात आणि शाळेत इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतात. ती मोबाईलवर मराठी लिहितात ते रोमन अक्षरांत. त्यांना मराठीची आवड नाही असं अजिबात नाही; देवनागरी कळफलक त्यांच्या बोटांना सवयीचा नाही, एवढंच. ती जसं टाइप करतात तसंच त्या रकान्यात लिहा, विद्वानांची रेघा-टिंबांची चिन्हं वापरून नको. या एका रकान्यामुळे मराठी माध्यमात न गेलेली पिढी तुमच्या यादीपर्यंत पोहोचते.

हे सगळं साध्या गूगल शीटमध्ये होतं. चार हजार पुस्तकांसाठी त्याहून मोठं काही सुरुवातीला लागत नाही. पुढे वाढलात तर ग्रंथालय चालवण्याची 'कोहा' ही संगणकप्रणाली आहे. ही प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रंथालय संस्थेसाठी तयार झाली, २००० साली सुरू झाली आणि आज जगभर फुकट वापरली जाते. केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणकसेवा संस्थेची 'ई-ग्रंथालय' ही प्रणालीही विनामूल्य आहे. दोन्ही चांगल्या, पण त्या चालवायला माणूस तयार करावा लागतो. शीटमधली स्वच्छ यादी नंतर त्यांत नेता येते. घाणेरडी यादी कोणत्याही प्रणालीत घातली तरी तशीच राहते.

यादी झाली की तिचा दुवा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि वाचनालयाचा एक स्वतंत्र नंबर ठेवा. यादीत बघून वाचक संदेश करतो, पुस्तक बाजूला काढून ठेवलं जातं. जिला वाचनालयाच्या वेळेत येता येत नाही तिचं पुस्तक किराणा दुकानात, दूध डेअरीत, अंगणवाडीत ठेवा, जिथे तिचं रोज जाणं आहे. आपल्याकडे कादंबरी वाचणाऱ्यांत बायका फार मोठ्या संख्येने आहेत आणि संध्याकाळी सहा ते आठ ही त्यांची सगळ्यात अडचणीची वेळ. ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री रंगनाथनांनी १९३१ साली मांडली, तिचं चौथं सूत्र 'वाचकाचा वेळ वाचवा' असं आहे. मोबाईलचा वाचनालयाला याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

व्हॉट्सॲपबद्दल दोन बंधनं मात्र कडक पाळा. कोणी कोणतं पुस्तक नेलं हे ग्रुपवर कधीही लिहायचं नाही, थकबाकीदारांची नावं तर मुळीच नाहीत. माणूस काय वाचतो हा त्याचा खाजगी मामला. आजाराविषयीचं, घटस्फोटाविषयीचं, कर्जाविषयीचं पुस्तक नेणारा तुमच्यावर विश्वास ठेवून येतो. दुसरं, नव्या पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ वाचनालयाच्या नंबरावरून पुढे ढकलायच्या नाहीत. मराठी पुस्तकाची आवृत्ती आधीच लहान असते आणि लेखक-प्रकाशकाच्या पोटावर पाय देऊन वाचनसंस्कृती वाढत नाही. इ-पुस्तक विकत घेतलं तर ते तरी फिरवता येईल, असं काही जणांना वाटतं. बहुधा तेही चालत नाही. आपण विकत घेतो तो एका खात्यापुरता वाचण्याचा परवाना असतो, तो सभासदांत वाटता येत नाही.

जे हक्काचं आणि फुकट आहे ते लोकांना दाखवा. मराठी विश्वकोश पूर्ण इंटरनेटवर आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच प्रकाशनं पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ आणि नियतकालिकं डिजिटल करून खुली ठेवली आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आहेत, मराठी विकिस्रोत आहे. कर्नाटक सरकारच्या ग्रंथालय खात्याने २०२० मध्ये डिजिटल सार्वजनिक ग्रंथालय सुरू केलं, त्याचं सभासदत्वही मोफत आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना ते उपयोगी पडतं. हे सगळं 'आहे' एवढं सांगून भागत नाही. वाचनालयाच्या टेबलापाशी बसवून, त्या माणसाच्या स्वतःच्या मोबाईलवर, त्याला हवी असलेली एक गोष्ट शोधून दाखवा. पुढचं तो स्वतः करतो.

अभ्यासिकेतल्या मुलांबद्दल थोडं. ती पुस्तकं नेत नाहीत म्हणून कार्यकारिणीतले काही जण त्यांच्यावर नाराज असतात. मला ती नाराजी पटत नाही. त्यांना शांत जागा, उजेड, पंखा आणि वेळेवर माहिती हवी असते. आपल्याकडच्या मुलांना दोन्ही बाजूंच्या जाहिराती बघाव्या लागतात: केपीएससी (कर्नाटक लोकसेवा आयोग) आणि कर्नाटक पोलीस भरती एकीकडे, आणि महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या उमेदवारांना महाराष्ट्रातल्या ज्या भरत्यांसाठी अर्ज करता येतो त्या दुसरीकडे. दोन्हींच्या अटी, दाखले, तारखा वेगवेगळ्या. आठवड्यातून एकदा मूळ जाहिराती अधिकृत संकेतस्थळावरून काढून फलकावर लावा आणि ग्रुपवर टाका, सोबत शेवटची तारीख आणि कोणते दाखले आत्तापासून काढायला हवेत ते लिहा. फिरत आलेल्या संदेशावरून कधीही लावू नका. खोट्या भरतीच्या जाहिरातींपायी घरची मंडळी पैसे घालवून बसतात. 'वाचनालयाच्या फलकावर लागलं म्हणजे खरं', एवढी पत तुम्ही कमावलीत तर हीच मुलं उद्या कार्यकारिणीत येतील.

आता सीमाभागापुरती खास अशी सेवा सांगतो, जिची मागणी कोणी तोंडाने करत नाही पण गरज रोजची आहे. जमिनीचा उतारा कर्नाटक सरकारच्या भूमी संकेतस्थळावर आहे, दाखल्यांचे अर्ज त्यांच्याच सेवा सिंधू संकेतस्थळावर आहेत, बँकेचे आणि योजनांचे संदेश मोबाईलवर येतात. त्यातलं बरंचसं कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेले आपले साठीपुढचे लोक कन्नड बोलतात, कळतंही, पण वाचता येत नाही. अशी माणसं पेपर वाचायला वाचनालयात रोज येतात. खिशात मोबाईल असतो, त्यात न वाचलेला संदेश असतो, आणि विचारायचा संकोच असतो. सगळे पेपर वाचून होईपर्यंत थांबून, उठताना सहज विचारल्यासारखं करत मोबाईल पुढे करतात: "हे जरा बघा की ओ, काय आलंय ते." ते वाचून दाखवणं हे ग्रंथपालाचंच काम आहे. माणसाला हवी असलेली माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळवून देणं यासाठीच आपण बसलो आहोत.

हे नीट करायचं असेल तर एक पानभर कागद तयार करून टेबलावर ठेवा, ज्यावर अर्जांत नेहमी येणारे कन्नड शब्द देवनागरीत आणि पुढे मराठी अर्थ: हेसरु म्हणजे नाव, विळास म्हणजे पत्ता, आदाय म्हणजे उत्पन्न, विस्तीर्ण म्हणजे क्षेत्रफळ, असे तीस-चाळीस शब्द. जवळच्या कन्नड शाळेतल्या शिक्षकांना दाखवून तपासून घ्या. ते आनंदाने करतात, आणि त्या निमित्ताने त्यांची वाचनालयात ये-जा सुरू होते. मर्यादा मात्र ठरवून घ्या. आपण वाचून समजावतो, अर्ज भरायचं ठिकाण दाखवतो. कोणाचाही ओटीपी, पिन किंवा पासवर्ड आपण विचारायचा नाही, त्यांनी सांगितला तरी ऐकायचा नाही, आणि पैशाचा व्यवहार वाचनालयाच्या संगणकावरून करायचा नाही. कोणी फोनवरून ओटीपी मागतोय असं दिसलं तर तिथल्या तिथे तो फोन बंद करायला सांगा.

ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयाशी वैर धरू नका, हेही इथेच सांगतो. ती ग्रंथालयं २०१९ मध्ये ग्रामविकास खात्याकडे गेली, पुढच्याच वर्षी 'ओदुवा बेळकू' हा मुलांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला, आता त्यांना 'अरिवू केंद्र' म्हणतात. अनेक ठिकाणी तिथे संगणक आहेत, तुमच्याकडे मराठी पुस्तकं आहेत. मुलं दोन्हीकडे जाऊ देत. मराठी बालसाहित्याची मागणी तिथल्या पर्यवेक्षकांकडे लेखी द्या, पालकांच्या सह्यांसह.

आणि आता ज्यासाठी मी हे एवढं लांब लिहायला बसलो ते. तुमच्या वाचनालयात काही कागद असे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेही नसण्याची शक्यता आहे. माझा अंदाज सांगतो, जाऊन बघा: शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदीच्या साहित्य संमेलनांच्या निमंत्रणपत्रिका आणि अध्यक्षीय भाषणांच्या पुस्तिका, गावच्या नाट्यमंडळाची हस्तपत्रकं, ग्रामदेवतेच्या यात्रेचे हिशेब, वाचनालयाचे जुने वार्षिक अहवाल, बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकांचे सुटे अंक. बेळगावात अखिल भारतीय साहित्य संमेलन १९२९, १९४६ आणि २००० साली भरलं; १९४६ च्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे सगळीकडे वाचायला मिळतं. पण त्यासाठी कोणत्या गावातून बैलगाड्या भरून माणसं आली, जेवणाची व्यवस्था कोणी पाहिली, असं काही शोधायला गेलं तर इंटरनेटवर हाती काही लागत नाही. असलंच तर एखाद्या गावच्या वाचनालयाच्या माळ्यावरल्या ट्रंकेत असतं.

त्या ट्रंकेला आपल्या पावसाची भीती आहे. खानापूरकडे चार महिने भिंतींना ओल असते; कागदाला बुरशी लागते, मग कसर आणि वाळवी. म्हणून स्कॅनिंग करायचंच असेल तर इथून सुरुवात करा, आणि पावसाळ्याआधी. महागडं यंत्र लागत नाही. खिडकीपाशी, जिथे थेट ऊन पडत नाही पण भरपूर उजेड आहे अशा जागी टेबल लावा, खाली काळं कापड, वर स्टँडला मोबाईल घट्ट बसवलेला. पान ठिसूळ असेल तर काचेखाली दाबू नका, बांधणी जबरदस्तीने उघडू नका. नव्वद अंशांत उघडलं तरी एका वेळी एक पान घेता येतं. कोरी पानं, जाहिराती, मागचं पुठ्ठ्याचं पान, सगळं घ्या. जुन्या स्मरणिकेतल्या जाहिरातींतूनच गल्लीतली दुकानं आणि त्यांचे मालक कळतात. प्रत्येक फाइलचं नाव वर्षाने सुरू करा, पुढे गाव, पुढे काय आहे ते.

फोटोंसाठी वेगळा वेळ काढा. शाळेच्या स्मरणिकेत शिक्षकवृंदाचा फोटो असतो आणि खाली बहुतेक वेळा 'शाळेचा शिक्षकवर्ग' एवढंच छापलेलं असतं. तो फोटो मोबाईलवर मोठा करून गावातल्या ऐंशीच्या पुढच्या चार माणसांना दाखवा, एकेकट्याला नको, एकत्र बसवून. एक जण म्हणतो दुसऱ्या रांगेतले ते गणिताचे मास्तर, दुसरा म्हणतो नव्हे, ते त्यांचे भाऊ, पोस्टात होते. त्या वादातून नाव पक्कं होतं, आणि सोबत त्या माणसाची दोन वाक्यांची हकिकतही मिळते. ती तिथल्या तिथे यादीत लिहा. कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला, तेही लिहा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. सांगणारी माणसं तोवर राहतीलच असं नाही.

छापील मजकुराचं अक्षरओळख प्रणालीने युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं. टेसरॅक्ट ही फुकट प्रणाली मराठी ओळखते, गूगल ड्राइव्हमधूनही होतं. जुन्या खिळ्यांच्या छपाईत ती चुका करते, पण शोध घेण्यापुरतं हाती येतं. याचा दुसरा उपयोग मला तितकाच मोलाचा वाटतो: युनिकोड मजकूर मोबाईल वाचून दाखवू शकतो, पानाचा नुसता फोटो नाही. तुमचे जुने वाचक वाचन सोडतात ते पुष्कळदा डोळ्यांमुळे. ज्यांना दिसत नाही किंवा छापील अक्षर वाचता येत नाही त्यांच्यासाठी २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. गावात असं कोणी असेल तर वाट न बघता त्यांच्या घरी जा आणि नाव नोंदवून द्या.

स्वामित्वहक्काचा हिशेब कार्यकारिणीला नीट सांगा, कारण भीतीपोटी काहीच न करणं आणि बेधडक सगळं टाकणं, दोन्ही घडतं. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांनी हयातीत प्रकाशित केलेलं लेखन २०११ पासून खुलं आहे. सावरकर १९६६ साली गेले, तो हक्क २०२६ अखेरपर्यंत आहे. खांडेकर १९७६ चे, म्हणजे अजून बराच काळ. लेखकाचं नाव नसलेल्या मजकुराला प्रकाशनानंतर ६० वर्षं. १९४६ ची निनावी पत्रिका म्हणूनच कधीच खुली झाली. अलीकडच्या संमेलनाची स्मरणिका असेल तर ती काढणाऱ्या मंडळाकडून एक लेखी संमतीपत्र घ्या. गावातलीच माणसं आहेत, आनंदाने देतात. स्वतंत्र लेख असेल तर लेखकाला किंवा वारसांनाही विचारा. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे छापील प्रत असलेल्या ग्रंथाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. ठेवता येते, वाटता येत नाही, हा फरक लक्षात असू द्या.

खुल्या झालेल्या गोष्टी इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयावर चढवा, शीर्षक देवनागरीत आणि रोमनमध्ये, गावाचं नाव 'बेळगाव' आणि 'बेळगावी' दोन्ही रूपांत, तालुक्यासह. चढवण्याआधी तिथे ते आधीच आहे का हे बघा. असेल तर तेवढे कष्ट वाचले. मग काय होतं ते तुम्हाला दिसेल. बाहेर गेलेली गावची माणसं आजोबांचं नाव शोधताना तुमच्या वाचनालयापर्यंत येतात. विद्यापीठातले संशोधक विचारणा करतात. आणि इतिहासाच्या नावाखाली फिरणारा एखादा संदेश आला, समजा बेळगावजवळच्या राजहंसगडाबद्दल, तर तुम्ही १८८४ च्या बेळगाव गॅझेटियरचं (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाचं) पान आणि आपल्या गावच्या स्मरणिकेचं पान दोन्ही पुढे ठेवून सांगू शकता की यात इतकं खरं आहे.

पैशांचं म्हणाल तर हातातली देणगी अशी वापरा: एक साधा संगणक, एक मोबाईल स्टँड, दोन बाह्य हार्ड डिस्क, आणि उरलेले सगळे पैसे वर्षभर रोज दोन तास यादी करणाऱ्या एका मुलीच्या मानधनाला. गावात बी.ए. मराठी झालेली, टाइपिंग येणारी मुलगी सापडतेच. तिला फुकट राबवू नका. मानधन दिलं की काम पूर्ण होतं आणि गावाला प्रशिक्षित माणूस मिळतो. नव्या पुस्तकांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना असतात, त्यांचा मार्ग राज्याच्या ग्रंथालय खात्यातून जातो. बेळगावच्या जिल्हा मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन या वर्षी काय चालू आहे ते विचारून या.

शेवटचं, आणि हे पहिल्याच दिवशी करायचं. वाचनालयाचं ईमेल खातं, शीटची मालकी, आर्काइव्हचं खातं आणि व्हॉट्सॲपचा नंबर कोणा एका उत्साही सभासदाच्या खाजगी मोबाईलवर काढू नका. वाचनालयाच्या नावाने सिम घ्या, पासवर्ड बंद पाकिटात कार्यवाह आणि अध्यक्ष दोघांकडे ठेवा, आणि कार्यकारिणी बदलली की दप्तराबरोबर त्याचीही इतिवृत्तात नोंद करून ताबा द्या. एक हार्ड डिस्क वाचनालयात राहू दे, दुसरी गावातल्या पक्क्या, कोरड्या घरात. दर महिन्याला यादीची एक प्रत दोन्हींवर उतरवा, आणि वर्षातून एकदा छापून दाखल नोंदवहीशेजारी ठेवा.